नुसतं एंटर म्हणजे हो

त्या दुपारी वहिनी पंपघरातून बाहेर पडल्या त्या कॉम्प्युटरवाल्याला हाक मारायला. फोन करून उपयोग नव्हता. तो गृहस्थ जेवला की दुकानातल्या बाकावर आडवा व्हायचा आणि फोन गल्ल्यात टाकून ठेवायचा, हे सगळ्या वस्तीला माहीत. तेव्हा आपणच जाऊन त्याला उठवावं, असं म्हणून त्यांनी पायांत चपला सरकवल्या. काम तसं मामुली होतं. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवरची अक्षरं पुन्हा बिघडली होती.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. खरं नातं एकाशीच, धाकट्या दिराशी. पण तो दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागे-पुढे असायचा, म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून टँकरवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. जायच्या आधी त्यांनी या दिरालाच दम भरला होता.

"भाऊजी, मी येईपर्यंत टाकीत पाय टाकायचा नाही."

"नाही टाकत हो. मी काय लहान आहे?"

"लहान असता तर कानाला धरून घरी बसवलं असतं. नाही टाकायचा म्हणजे नाही."

"बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्याने हात जोडले आणि दात काढले. दात काढायची सवयच त्याची. मोठा भाऊ असा नव्हता. मोठा एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की हो म्हणवून घेतल्याशिवाय सोडायचा नाही, मग ती साधी "चहा टाकू का?" का असेना.

तो मोठा, म्हणजे वहिनींचा नवरा, गेल्या वर्षी याच टाकीत गेला.

ही टाकी गाळाची. अख्ख्या गावाचं पाणी आधी इथे येऊन निवळतं, माती खाली बसते, वरचं पाणी पुढे जातं. मोठ्या विहिरीसारखी खोल, आतून शेवाळाने काळी झालेली. खाली फार गाळ साचला की ती रिकामी करायची आणि फिटरने, म्हणजे आधी मोठ्याने, आता धाकट्याने, शिडीने उतरून तो उपसायचा. तळाशी एक लोखंडी गेट आहे, ते वरून कॉम्प्युटरवर उघडतं. उघडलं की पाणी असं येतं की उभा माणूस भिंतीवर आपटतो.

म्हणून तिथे कामगारांची एक जुनी रीत होती. जो खाली उतरणार, त्याने चपला कंट्रोल रूमच्या उंबऱ्याशी काढून ठेवायच्या. उंबऱ्याशी चपला आहेत तोवर गेटला कोणी हात लावायचा नाही. कागदी नियमापेक्षा हा चपलांचा नियम सगळे जास्त मानायचे.

नवरा गेला त्या दिवशी वहिनी तापाने घरी पडून होत्या, कंट्रोल रूममधल्या त्यांच्या खुर्चीत दुसराच बसला होता. चौकशीत आलं, की कर्मचारी कोणालाही न सांगता खाली उतरला, चूक त्याची. त्याच्या चपला सापडल्या सामानाच्या खोलीत, फळीवर. वहिनींनी चौकशीच्या साहेबाला तोंडावर विचारलं, "ओल्या फरशीवर अनवाणी चालायची ज्यांना किळस, ते फळीवर चपला ठेवून टाकीपर्यंत कसे गेले? उडत?" साहेबाने चष्मा पुसला. तेव्हापासून वहिनींच्या आत एक जाळ होता. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, रात्री पाठ टेकताना, तो विझत नव्हता. लोक म्हणायचे, बाई बोलते कमी आणि बघते जास्त. बघणारच. त्या दिवशी खुर्चीत कोण बसलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो माणूस अजून तिथेच हिंडत होता, पगार घेत होता.

तो सुपरवायझर. पाठीमागे त्याला सगळे घाईसाहेब म्हणायचे. जेवताना उभा, बोलताना अर्धा वळलेला, सही करताना कागद न वाचणारा.

कॉम्प्युटरवाला बाकावरून उठला, डोळे चोळले, पिशवी खांद्याला अडकवली. चांगला पोक्त, दमेकरी, पण तोंडाचा गोड.

"ताई, पुन्हा तेच का? अक्षरांच्या जागी कोपरे, आकडे, चौकोन?"

"तेच. टाकी रिकामी करायला घेतली की होतं. दरवेळी."

"मग तो शब्द टाइप करून का नाही पाहिलात? मी दाखवला होता तो. दिसत नसलं तरी आंधळेपणाने टाइप करायचा, एंटर मारायचं, की स्क्रीन स्वच्छ."

"मला जे दिसत नाही, त्याला मी हात लावत नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज असा होता की त्याने पिशवी सावरली आणि पावलं उचलली.

पंपघराशी पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. पंप बंद ठेवलेले, त्यामुळे एरवी कानात भरून राहणारी घरघर नव्हती. आत क्लोरीनचा तो घशाला लागणारा वास आणि त्याच्या खालून दुसरा एक, उघड्या पडलेल्या गाळाचा. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. थेंब पडला की त्याचा आवाज टाकीच्या तळातून वर यायला वेळ लागायचा, आणि मधल्या त्या वेळात आपण श्वास धरून आहोत हे आपल्यालाच कळायचं.

वहिनी कंट्रोल रूमच्या दाराशी आल्या आणि थांबल्या.

उंबऱ्याशी भाऊजींच्या चपला होत्या.

त्यांनी आत पाहिलं. उन्हाची तिरीप स्क्रीनवर पडू नये म्हणून तिथल्या काचांना आतून हिरवा रंग मारलेला. भर दुपारी ती खोली डबक्याच्या तळासारखी दिसायची. त्या हिरव्या अंधारात खुर्चीवर घाईसाहेब बसला होता आणि त्याचा हात कीबोर्डवर होता.

"हात काढा."

"अहो बाई, किती वेळ? संध्याकाळी गावाला पाणी सोडायचंय. तुम्ही गेलात भटकायला, तो नुसता उभा होता. मीच म्हटलं, उतर. आता ही स्क्रीन..." असं बोलता-बोलता त्याचं बोट एंटरकडे गेलंसुद्धा.

वहिनींनी त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, असं पिरगाळलं की तो अर्धा खुर्चीतून उठला.

"आई गं! वेड लागलंय का तुम्हाला?"

"खाली माणूस आहे. उंबऱ्याशी चपला दिसल्या नाहीत? की त्याही उचलून फळीवर ठेवणार होतात?"

त्याने मनगट सोडवून घेतलं. कॉम्प्युटरवाला दारात पिशवी धरून उभा होता, त्याला पुढे यावं की मागे जावं कळेना.

"मी गेटला हात लावतच नव्हतो," घाईसाहेब हळू आवाजात म्हणाला. "फक्त अक्षरं नीट करत होतो. आधी दोनदा एंटर, मग तो शब्द. सगळे असंच करतात. पाटी कोरी करून घ्यायची आधी..."

"दोनदा एंटर कशाला?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"अर्धवट काही टाइप झालेलं असेल तर निघून जावं म्हणून. सवय आहे."

कॉम्प्युटरवाला स्क्रीनकडे बघत राहिला. काळ्या काचेवर हिरवे कोपरे, अर्धे चौकोन, आकडे, मोडक्या जाळीसारखे ओळीने बसलेले. आणि त्यांच्या शेवटी ती उघडझाप करणारी बारीक खूण. तो पुढे वाकला.

"ताई, एक सांगतो. असं होतं तेव्हा आत काही बिघडलेलं नसतं. तो जे बोलतोय ते बरोबरच बोलतोय. फक्त आपल्याला वाचता येत नाही, एवढंच."

"तो कोण?"

"अं? हे यंत्र हो. यंत्रच म्हटलं मी."

त्याच वेळी, कोणी हात लावलेला नसताना, खाली आणखी एक चौकोन उमटला. मग थांबून दुसरा. मग पटापट तीन-चार. एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसासारखं.

तिघांपैकी कोणी हललं नाही.

"तारेत ओल असेल," कॉम्प्युटरवाला कुजबुजला. "ओलीने कचरा येतो. तो शब्द नको टाइप करायला... आपण दुसरं करू. या डब्याला पाठीमागून एक बटण असतं. ते फक्त काचेवरची अक्षरं जागेवर आणतं. आत काहीही जात नाही."

"नक्की काही जात नाही?"

"माझ्या पोरांची शपथ."

त्याने मागे हात घातला. काच एकदा अंधारली. मग एकेक ओळ उजळत आली, आणि आता ती सरळ, साधी, वाचता येईल अशी अक्षरं होती. वरच्या ओळींत पाण्याची पातळी, पंपांची स्थिती, नेहमीचंच. सगळ्यात खाली मात्र यंत्राने एक प्रश्न विचारलेला होता आणि ते उत्तराची वाट बघत थांबलं होतं.

तळाचं गेट उघडू? हो / नाही.

या यंत्राची एक खोड तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं, की ते त्याला हो समजायचं.

घाईसाहेबाच्या कपाळावर घाम आला. "मी नाही विचारलं ते. देवाशप्पथ. मी खुर्चीत बसलो तेव्हा स्क्रीन अशीच होती, मला काही वाचताच येत नव्हतं..."

"त्या दिवशीही अशीच होती ना?" वहिनींनी विचारलं. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुढे कॉम्प्युटरवाला सांगायचा. "त्या दिवशीही वाचता येत नव्हतं. त्या दिवशीही दोनदा एंटर."

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

"आणि चपला?"

"...नंतर," तो म्हणाला. "पाणी सुटल्याचा आवाज आला, मी धावलो, पण तोवर... मग परत आलो तर त्या इथेच होत्या. उंबऱ्याशी. मला त्या बघवेनात."

वर्षभराचा जाळ वहिनींच्या डोक्यात गेला. चूक समजून घेता येते. माणूस आंधळेपणाने एंटर मारतो, तेही एक वेळ. पण गेलेल्या माणसाच्या चपला उचलायच्या, फळीवर ठेवायच्या आणि वर्षभर त्याच्या बायकोला रोज "नमस्कार बाई" म्हणायचं! सासूबाईंनी शेजारणीपुढे मान खाली घालून ऐकलं होतं, तुमचाच मुलगा बेफिकीर.

"भाऊजी!" त्या एकदम वळून दारातून ओरडल्या. "भाऊजी, वर या!"

टाकीतून त्यांचाच आवाज फिरून वर आला. दुसरं काही नाही. थेंब पडला. पुन्हा पडला.

"भाऊजी!"

काही नाही.

"उतरा," वहिनी घाईसाहेबाला म्हणाल्या.

"मी?"

"तुम्ही पाठवलात, तुम्ही आणा. बूट काढा. तिथे ठेवा, उंबऱ्याशी. नीट ठेवा."

त्याची बोटं नाडीच्या गाठीत अडकत होती. एकदा त्याने वर पाहिलं, काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण वहिनी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा हिरव्या उजेडात असा दिसत होता की तो मुकाट उठला. शिडीवर त्याच्या पावलांचा आवाज एकेक पायरी खाली जात राहिला आणि मग बारीक होत गेला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मी तार बघून येतो, हा कचरा कुठून येतोय ते बघतो," आणि बॅटरी घेऊन बाहेर सटकला. त्यालाही त्या खोलीत थांबायचं नव्हतं.

वहिनींनी एकेक अक्षर बघून, ताठ बोटाने, 'नाही' लिहिलं आणि एंटर दाबलं. प्रश्न गेला.

खालच्या ओळीत पुन्हा आला. तळाचं गेट उघडू?

नाही.

उघडू?

नाही.

आता तो झटपट यायला लागला. त्यांनी उत्तर दिलं की लगेच, श्वास घ्यायलाही वेळ न देता. वहिनींचं बोट दुखायला लागलं. असं एकाच गोष्टीच्या मागे लागणारं माणूस त्यांनी संसारात एकच पाहिलं होतं.

दाराबाहेर शिडीच्या तोंडाशी भाऊजींचं डोकं वर आलं. मग खांदे. चिखलाने माखलेला, पण धडधाकट. तो काठावर बसला आणि खोकू लागला.

स्क्रीनवरचा प्रश्न थांबला.

म्हणजे गेला नाही. तिथेच होता, खूण उघडझाप करत होती, पण आता ती घाई नव्हती. वाट बघणं होतं. जणू कोणी बाजूला सरकून म्हणत होतं, आता बघ. आता खाली तो एकटाच आहे. आता तुझं तू ठरव.

आणि खरं सांगायचं तर वहिनींचं बोट एंटरवर होतं. लिहायचं काहीच नव्हतं. नुसतं टेकवायचं. यंत्र बिघडलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. चौकशी झाली असती, साहेबाने चष्मा पुसला असता. त्यांच्या डोळ्यांपुढे फळीवरच्या चपला आल्या. टाचेकडे झिजलेल्या, डाव्या चपलेचा अंगठा त्यांनीच शिवून आणलेला. रागाने त्यांचे दात एकमेकांवर घासले गेले, कानांत पंप चालू झाल्यासारखी घरघर झाली, आणि बोटाखालचं बटण, त्या नंतर म्हणाल्या, आपोआप खाली जायला लागलं होतं. म्हणजे वरून बोट दाबत नव्हतं. खालून कोणीतरी ते ओढून घेत होतं.

"अहो, पुरे!"

एवढ्या मोठ्याने ओरडल्या की भाऊजी खोकता-खोकता थांबला.

"पुरे म्हटलं ना! आयुष्यभर तुमचंच ऐकलं. तुम्ही विचारत राहायचं आणि मी शेवटी कंटाळून हो म्हणायचं. आता नाही! तो मरायच्या लायकीचा असेल, नसेल, माझ्या हाताने नाही! मला खुनी करायला निघालात? तुमच्या आईला कोण सांभाळणार? या पोराला कोण? गेलात ते गेलात, आता वर हेही माझ्याच डोक्यावर? लाज नाही वाटत?"

भांडण ऐकून घेणारा माणूस समोर असावा, तशा त्या स्क्रीनला बोट दाखवून बोलत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. मग त्यांनी लिहिलं. नाही. एंटर.

ओळ गेली. पुन्हा आली नाही.

घाईसाहेब वर आला तो रांगतच. उन्हात जाऊन भिंतीला टेकून बसला.

भाऊजीला वहिनींनी गदागदा हलवलं. "हाका मारत होते तर ओ द्यायला काय झालं होतं?"

"ऐकत होतो की! पण तुम्हीच तर म्हणत होतात, थांबा, अजून थोडं आत या..." तो गोंधळून बघत राहिला. "गेटाच्या बाजूने. म्हटलं, वहिनी खाली कधी आल्या?"

"कोणाचा आवाज?"

"तुमचाच की."

कॉम्प्युटरवाला परतला तेव्हा त्याच्या हातात काळ्या तारेचं वेटोळं होतं. पूर्वी टाकीच्या काठावरही एक स्क्रीन होती, ती काढली तेव्हा तार तशीच राहिली होती आणि तिचं टोक आत लोंबत होतं. तुटकं टोक. कशालाच न जोडलेलं. "याच्यातून कचरा येईल कसा, हे मला विचारू नका," तो म्हणाला. "मी ती इकडूनही तोडली. आता नाही येणार."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. कधी नव्हे ते त्यांना थोडं हलकं वाटत होतं. नवऱ्याशी भांडून झाल्यावर वाटायचं तसं. "त्यांचाच हट्ट तो," त्या म्हणाल्या. "पण ऐकलं शेवटी."

कॉम्प्युटरवाला पिशवीची चेन लावत होता. त्याचा हात थांबला.

"ताई, मिस्टरांचं म्हणताय? पण... हा कचरा मी फार जुना बघतोय. तुमचे मिस्टर इथे कामाला लागायच्याही आधीपासून. तेव्हाही टाकी रिकामी केली की यायचा."

त्याने मान वर केली नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना वहिनी, म्हणे, दोनदा मागे वळून बघत होत्या. आपण कोणाला एवढं मोकळेपणाने रागावलो, हे माहीत नसणं वाईट.

चौकशी पुन्हा उघडली. घाईसाहेबाने लिहून दिलं, चूक माझी. सासूबाईंनी तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. पण टाकीतला गाळ अर्धाच निघाला होता आणि काम तर पुरं व्हायलाच हवं होतं. वहिनींनी अट घातली. गेट ज्याच्यावर फिरतं ते वरचं चाक जाड साखळीने जखडायचं, कुलूप लावायचं, किल्ली माझ्यापाशी. मग कॉम्प्युटरने काहीही म्हणो. सगळ्यांनी मान्य केलं. स्क्रीनही तेव्हापासून एकदा म्हणून बिघडली नाही.

काम पुन्हा सुरू व्हायचं त्या सकाळी वहिनी अजून घरीच होत्या, निघायच्या तयारीत. भाऊजी पुढे गेला होता. दारावर थाप पडली. उघडलं तर घाईसाहेब.

दाढी वाढलेली. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याला रजेवर पाठवल्याचं वहिनींनी ऐकलं होतं, आणि हेही, की तो रस्त्यात लोकांना थांबवून दुकानांच्या पाट्या वाचून दाखवा म्हणतो. कोणी म्हणे, मनाला लागलं. कोणी म्हणे, नाटक. दार तोंडावर आपटावं, असंच वहिनींना वाटलं.

"काय आहे?"

"बाई, मला वाचता येत नाही."

"मग डॉक्टरकडे जा."

"गेलो होतो. डोळे ठणठणीत आहेत म्हणतात. पण सगळं तसंच दिसतं हो. कोपरे, चौकोन, आकडे. पेपर, औषधाच्या बाटल्या, बसची पाटी... माझ्या दारावरचं माझं नाव." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "एक ओळ तेवढी कळते. सगळ्याच्या खाली असते. कुठेही बघा... ती असते."

वहिनींनी ती कोणती, हे विचारलं नाही.

"मग नाही म्हणा," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं तसं. दरवेळी म्हणा."

"म्हणतो ना. मनातल्या मनात. म्हटलं की जाते, पुन्हा येते, पुन्हा म्हणतो. दिवसभर. एकदाही चुकलो नाही." तो जवळ सरकला, अगदी कुजबुजत म्हणाला, "पण आता डोळे मिटले तरी दिसते, बाई. आणि झोपेत... झोपेत मी काय म्हणतो, ते मला कुठे कळतंय?"

वहिनी एकदम मागे फिरल्या, पिशवी पालथी केली. किल्ली तिथेच होती. त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली.

"हां वहिनी, बोला."

"भाऊजी! उतरलात का?"

"कसा उतरू?" त्याचा आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता. "टाकी भरलीय."

"भरलीय म्हणजे?"

"काठोकाठ. काल संध्याकाळी मी स्वतः बघून गेलो, कोरडी ठक्क होती. साखळी जागेवर आहे. कुलूप जागेवर आहे. स्क्रीन सांगतेय गेट बंद... पहारेकरी म्हणतो, रात्रभर पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही."

"तिथून लांब व्हा. आत्ताच्या आत्ता."

"होतो. पण वहिनी..." तो थांबला. मागे कुठेच पंपाची घरघर नव्हती, कसलाच आवाज नव्हता. "मी हात घालून पाहिला पाण्यात."

"मग?"

"कोमट आहे... माणसाच्या अंगाला असतं ना, तेवढं."